ठाण्याच्या दमट हवेत १/२४ ची मोटार: बॉडी आधी, बाकी सगळं नंतर

प्लास्टिकच्या मॉडेल मोटारीच्या किटच्या खोक्यातलं सूचनापत्रक उघडलं की पहिल्या पायरीवर इंजिन नाहीतर चासी असते, आणि बॉडी अगदी शेवटी येते. हा क्रम भाग एकमेकांना जोडण्याचा आहे. कामाचा क्रम वेगळा ठेवावा लागतो. बॉडीवरचा चकचकीत रंग आतपर्यंत वाळून कडक व्हायला आठवडा-दीड आठवडा लागतो, आणि ठाणे-नवी मुंबईच्या हवेत तो मारण्याजोगे दिवस वर्षात मोजकेच मिळतात. म्हणून इथे मोटार बांधताना आधी बॉडीचे दिवस ठरवायचे आणि इंजिन, चासी, सीट, चाकं ही कामं तिच्या वाळण्याच्या वेळात बसवायची.

१/२४ म्हणजे खऱ्या गाडीचे २४ मिलिमीटर मॉडेलवर १ मिलिमीटर होतात. साडेचार मीटरची गाडी टेबलावर पावणेएकोणीस सेंटिमीटर भरते. रंगाच्या बाबतीत हेच गणित उलटं मांडून बघा. खऱ्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटर जाडी होते. तेवढाच ०.१ मिलिमीटरचा थर मॉडेलवर चढला, तर तो खऱ्या गाडीवर २.४ मिलिमीटर जाड रंग थापल्यासारखा दिसतो. दारांच्या फटी बुजतात, मागचं नाव पुसट होतं, बॉनेटच्या कडा गोलमटोल होतात. पुढच्या सगळ्या खटाटोपात एकच गोष्ट सांभाळायची आहे: रंग पातळ बसला पाहिजे आणि तरी आरशासारखा चमकला पाहिजे.

हवा कशी वाचायची

लॅकर रंगातला थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, त्यामुळे नुकताच रंगवलेला भाग आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होतो. हवेचं तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू २५ अंशांच्या जरा वर असतो. म्हणजे बॉडी जेमतेम तीन अंशांनी थंड झाली तरी तिच्यावर दव धरतं. तेच पाणी रंगात अडकतं आणि काळी गाडी दूध सांडल्यासारखी पांढुरकी होते. त्याच २८ अंशांना आर्द्रता ६० टक्के असली, तर दवबिंदू साडेएकोणीसच्या आसपास असतो आणि साडेआठ अंशांची मोकळीक मिळते. रंगाच्या डब्याआधी भिंतीवर टांगायचा साधा डिजिटल आर्द्रतामापक घ्या, असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

आमची मर्यादा अशी: ६५ टक्क्यांच्या खाली बिनधास्त मारा. ६५ ते ७५ मध्ये सावकाश उडणारा थिनर वापरून पातळ थर द्या. ७५ च्या वर चकचकीत लॅकर नकोच.

त्यानुसार वर्षाची वाटणी आपोआप होते. जून ते सप्टेंबर हे चासी, इंजिन, डॅशबोर्ड आणि सीटचे महिने. या भागांवर बहुतेक मॅट किंवा अर्धचकचकीत रंग असतो आणि तो दमट हवेतही निभावून जातो. बॉडी धुणं, घासणं, पॅनल लाइन (दारं-बॉनेटच्या फटी) खोल करणं ही बिनरंगाची कामंही याच दिवसांत उरकून ठेवा. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत बॉडी रंगवा, शक्यतो सकाळी अकरा ते दुपारी तीनच्या दरम्यान. एप्रिल-मे मध्ये उलटी अडचण येते. उन्हाच्या तडाख्यात रंगाचे थेंब हवेतच अर्धे वाळतात आणि बॉडीवर रव्यासारखे खरखरीत बसतात. तेव्हा सकाळी लवकर काम करा किंवा लेव्हलिंग (सावकाश उडणाऱ्या) थिनरचं प्रमाण वाढवा.

भर पावसात रंगवणं टाळताच येत नसेल, तर बेडरूमचा एसी तासभर ड्राय मोडवर चालवून मापक बघा. खोली ५५ टक्क्यांवर आली की बॉडी आणि रंग दोन्ही अर्धा तास तिथेच ठेवा. बाल्कनीत जाऊन झटपट एक थर मारा आणि बॉडी लगेच खोलीत आणा. मात्र ती आणण्याआधी एसी बंद करून खिडकी किंचित उघडा, आणि त्या रात्री त्या खोलीत झोपू नका.

किट कोणतं

टामिया, हासेगावा, फुजिमी, आओशिमा आणि रेव्हेल ही नावं बाजारात नेहमी दिसतात. अमेरिकन गाड्यांची बरीच किट १/२५ ची असतात, त्यामुळे १/२४ च्या गाडीशेजारी ती किंचित लहान दिसतात. पहिल्यांदाच हात घालत असाल तर टामियाचं इंजिन नसलेलं किट घ्या. भाग कमी असतात आणि जोड अचूक बसतात, त्यामुळे सगळं लक्ष बॉडीवर राहतं. दहा-बारा वर्षांच्या मुलासोबत बसायचं असेल तर आओशिमाची १/३२ मापातली स्नॅप किट चांगली. भाग रंगीत प्लास्टिकचेच असतात, गोंद लागत नाही, आणि त्या मालिकेत आपल्या रस्त्यावर दिसणारी सुझुकी जिम्नीही आहे.

जुनं किट स्वस्तात मिळत असेल तर खोकं उघडून दोन गोष्टी बघा. डेकलची (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांची) शीट पिवळी पडली आहे का, आणि मऊ टायर प्लास्टिकच्या भागांना चिकटून राहिलेत का. काही जुन्या टायरमधलं रसायन पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिक, वितळवतं आणि रिमवर कायमचा खड्डा पाडतं. पिवळी डेकल मात्र वाचू शकतात. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ऊन येणाऱ्या खिडकीच्या काचेला काही दिवस चिकटवून ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो.

हत्यारं आणि सामान

एका बाजूने सपाट धारेचं कटर, ११ नंबरच्या पात्याची सुरी आणि दहा सुटी पाती, टोकदार चिमटा, ०.३ ते १ मिलिमीटर ड्रिल बिट आणि ती धरायचा हातड्रिल, ६ आणि १० मिलिमीटरची मास्किंग टेप. वॉटर पेपर ४००, ६००, १०००, १५००, २००० आणि ३००० नंबरचे. पातळ सिमेंटची (प्लास्टिक जोडायच्या गोंदाची) एक बाटली आणि घट्ट सिमेंटची एक. सैल कापसाचे बोळे नकोत, घट्ट पिळाच्या टोकदार काड्या घ्या. मगरी-क्लिप लावलेल्या वीस-पंचवीस बांबूच्या काड्या घरीच करता येतात.

बारीक ड्रिल आणि कटरसाठी मशीद बंदरची नागदेवी स्ट्रीट. ठाण्याहून धिमी लोकल आणि वाशी-पनवेलहून हार्बर, दोन्ही मशीदला थांबतात. बारीक वायर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतं. २००० आणि ३००० चा वॉटर पेपर मात्र नेहमीच्या हार्डवेअरवाल्याकडे नसतो. गाड्यांचे रंग विकणाऱ्या दुकानात मागा. तिथेच एनसी थिनरही दिसेल, तो घेऊ नका. तो पॉलिस्टायरीन वितळवून टाकतो. प्रेशरचे स्प्रे डबे विमानाने पाठवता येत नाहीत, ते रस्त्याने येतात आणि वेळ लागतो. दिवाळीनंतर रंगवायचं असेल तर नवरात्रातच मागवून ठेवा.

एका बॉडीला १०० मिलिलिटरचा टामिया टीएस रंगाचा एक डबा, टीएस-१३ क्लिअरचा (वरच्या पारदर्शक थराचा) एक डबा आणि प्रायमरचा (रंगाखालच्या अस्तराचा) एक, एवढं पुरतं. प्रायमरमधून आणखी एखादी बॉडी निघेल. एअरब्रश असेल तर ०.३ मिलिमीटर सुई आणि १५ ते २० पीएसआय दाब ठेवा. चकचकीत रंगात एका भागाला दीड भाग लेव्हलिंग थिनर घाला. १० मिलिलिटरची एक बाटली काठावर पुरते, म्हणून दोन घ्या. आपल्या हवेत कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर हवाच, आणि टाकी असेल तर दर वेळी तळाचा नळ उघडून पाणी काढून टाका. पाण्याचा एक थेंब नोझलमधून सुटला की रंगात खळगा पडतो.

मास्कबद्दल स्पष्ट सांगतो. कापडी मास्क आणि एन-९५ हे थिनरची वाफ अडवत नाहीत. सेंद्रिय वाफांसाठीची कार्बन काडतुसं लावलेला अर्धा मास्क घ्या आणि वापरून झाला की हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर काडतुसं नुसत्या हवेनेच संपतात. गाड्यांच्या गॅरेजमधला हार्डनर मिसळायचा टू-के क्लिअर सुंदर दिसतो, पण त्यात आयसोसायनेट असतं. बंद फ्लॅटमध्ये तो नकोच. रंगवताना देवघरातला दिवा, अगरबत्ती आणि गॅस बंद असला पाहिजे. स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट वापरायचा नाही.

बॉडीची तयारी

पहिल्यांदा बॉडी, बॉनेट, बंपर, आरसे असे बाहेरून रंगायचे सगळे भाग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने धुवा. साच्यातून प्लास्टिक सुटावं म्हणून लावलेलं तेल कोपऱ्यांत राहतं आणि त्यावर रंग फाकतो. इथून पुढे बॉडीला नायट्राइलचे हातमोजे घालूनच हात लावा. केसांना तेल लावून त्याच हाताने बॉडी धरली तर प्रायमरवर माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं उमटणारच.

मग साच्याच्या रेषा. बॉडी अनेक तुकड्यांच्या साच्यात तयार होते आणि जिथे तुकडे भिडतात तिथे केसाएवढी रेघ उठते. ती बहुधा पुढच्या मडगार्डच्या माथ्यावरून आणि मागच्या खांबावरून छताकडे जाते. ट्यूबखाली बॉडी तिरपी धरून फिरवली की दिसते. ६०० चा पेपर ओला करून त्या रेघेपुरता फिरवा, मग १०००. मडगार्डची गोलाई सपाट होऊ नये म्हणून पेपरामागे बोट नको, मऊ खोडरबराचा तुकडा धरा.

आता दारं, बॉनेट आणि डिकीच्या फटी. रंगाने त्या उथळ होणार, म्हणून आधीच खोल करायच्या. सुरीचं पातं उलटं धरून मागच्या बोथट कोपऱ्याने फटीतून स्वतःकडे ओढा. पहिल्या चार-पाच फेऱ्या नुसत्या वजनाने, जोर न लावता. पातं फटीत रुळलं की जरा दाब वाढवा. प्रत्येक फेरीत शेवयांसारखा बारीक प्लास्टिकचा कीस निघाला तर काम बरोबर चाललंय. पातं घसरून बाहेर ओरखडा पडला तर फेव्हिक्विकचा थेंब आणि चिमूटभर टाल्कम पावडर भरा, आणि तासाभरातच घासा. दुसऱ्या दिवसापर्यंत ते आजूबाजूच्या प्लास्टिकपेक्षा कडक होतं आणि घासताना भोवतालचं प्लास्टिकच खाली जातं.

प्रायमरच्या आधी एकदा सगळी गाडी टेपने जोडून बघा. बॉडी चासीवर बसते का, चाक मडगार्डला घासतं का, काच आतून नीट येते का. कच्च्या प्लास्टिकवर अर्धा मिलिमीटर कापणं सोपं असतं. रंगलेल्या बॉडीवर तेच काम करताना हात थरथरतो.

प्रायमरचा रंग वरच्या रंगावर ठरतो. पिवळ्या आणि पांढऱ्याखाली पांढरा, लालखाली गुलाबी किंवा पांढरा, बाकी बहुतेकांखाली करडा. किट लाल प्लास्टिकचं असेल आणि गाडी पांढरी हवी असेल, तर लाल रंगद्रव्य थरांतून वर येतं आणि आठवड्याने गाडी गुलाबी दिसते. त्यासाठी प्रायमरवर चंदेरी रंगाचा एक पूर्ण थर द्या आणि मग पांढरा. प्रायमर वाळला की १५०० चा ओला पेपर हलकाच फिरवा. राहिलेली प्रत्येक चूक इथे दिसते, आणि ती इथेच दुरुस्त करा.

रंग

बॉडी आतून धरायला एक लिटरची बाटली अर्धी वाळूने भरा, तिच्या बुचावर टेपची गुंडाळी उलटी चिकटवा आणि बॉडीचं छत आतून त्यावर बसवा. मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात तळाला ओला वर्तमानपत्राचा कागद पसरा. बाल्कनीत नुसतं हवेत मारलं तर रंगाचा धूर खालच्या मजल्यावरच्या वाळत्या कपड्यांवर जातो. घोडबंदर रोडच्या बाजूला किंवा सायन-पनवेल महामार्गालगत राहत असाल तर धूळ हा रोजचा शत्रू आहे. रंगवण्याआधी फरशी ओल्या फडक्याने पुसा, पंखा बंद करून पंधरा मिनिटं थांबा, आणि लोकरी किंवा सुती कपड्यांऐवजी गुळगुळीत कापडाचा शर्ट घाला.

डबा दोन मिनिटं हलवा. कोमट पाण्यात डबा ठेवण्याचा सल्ला थंड देशांसाठी ठीक आहे. इथे खोलीच तीस अंशांना असते, त्यामुळे त्याची गरज फारशी पडत नाही. उन्हात किंवा शेगडीजवळ डबा कधीच नको. आधी फ्रेमच्या (किटचे भाग जिला जोडलेले येतात त्या चौकटीच्या) चपट्या नंबरपट्टीवर फवारून बघा. पूर्वी प्लास्टिकचे चमचे चाचणीला वापरायचे. जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या चमच्यांवर बंदी आहे, तेव्हा टाकाऊ फ्रेम जपून ठेवा.

अंतर २० ते २५ सेंटिमीटर. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा. गाडीच्या लांबीवरून हात साधारण एका सेकंदात गेला पाहिजे. आधी अवघड जागा घ्या: बंपरखाली, दारांखालची पट्टी, खिडक्यांच्या कडा. त्या शेवटी घेतल्या तर तोवर ओल्या झालेल्या छतावर कोरडी भुकटी बसते.

पहिला थर धुक्यासारखा, खालचा प्रायमर सहज दिसेल इतका. दहा मिनिटं थांबा. दुसराही तसाच. पुन्हा दहा मिनिटं. तिसऱ्या थराला हात किंचित सावकाश, रंग ओला दिसेपर्यंत. ट्यूबचं प्रतिबिंब पृष्ठभागावर सलग धावलं की त्याच क्षणी पुढे सरका. अर्ध्या तासाने चौथा थर तसाच ओला. सुटा भाग असेल तर बंपर, आरसे आणि बॉनेट याच बैठकीत, याच डब्याने रंगवा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डब्याने मारलेला धातूचा रंग जुळत नाही.

संपलं की वर मोठा प्लास्टिकचा डबा पालथा घाला, पण कडेखाली दोन काडेपेटीच्या काड्या ठेवा. डबा घट्ट बसला तर थिनरची वाफ आतच कोंडते आणि रंग पुन्हा मऊ पडतो.

काय बिघडतं

पांढुरकी झाक आली तर घाबरू नका. कोरड्या दिवशी नुसत्या लेव्हलिंग थिनरचा अगदी हलका फवारा मारा. रंगाचा वरचा पापुद्रा पुन्हा ओला होतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि चमक परतते. एअरब्रश नसेल तर कोरड्या दिवशी क्लिअरचा ओला थर बहुतेक वेळा काम करतो.

संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग म्हणजे रंग लांबून किंवा कोरडा बसला, किंवा हवा फार गरम होती. आठवडाभर वाळू द्या, १५०० ने ओलं घासा आणि एक ओला थर द्या. ओघळ आला तर बोट लावू नका. पूर्ण वाळल्यावर १००० चा पेपर लहान चपट्या लाकडावर गुंडाळून फक्त ओघळाचा माथा खाली आणा. धुळीचा कण ओल्या रंगातून चिमट्याने उचलण्याचा मोह होतो. तो उचलला तर त्याजागी खड्डा राहतो, आणि उंचवटा घासून काढणं खड्डा भरण्यापेक्षा सोपं असतं.

सगळंच बिघडलं तर बॉडी झाकणाच्या डब्यात आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एक-दोन दिवस बुडवा आणि टूथब्रशने घासा. टामियाचा रंग बहुतेक वेळा उतरतो. ज्वालाग्राही आहे, स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. काचेचे पारदर्शक भाग त्यात टाकू नका.

डेकल, क्लिअर आणि पॉलिश

रंग मारून किमान चोवीस तास झाले की डेकल. कोमट पाण्यात वीस-तीस सेकंद, मग टिश्यूवर मिनिटभर. कागदावरून आपोआप सरकायला लागलं की जागेवर सरकवा, ओल्या काडीने मधून बाहेर पाणी काढा आणि कडांवर डेकल सॉफ्टनर लावा. सॉफ्टनर लागलं की डेकल सुरकुततं. तेव्हा हात लावला तर फाटतं. तसंच सोडून द्या, अर्ध्या तासात ते फटीत जाऊन बसतं. दमट दिवसांत क्लिअरच्या आधी पूर्ण दोन दिवस वाळू द्या.

क्लिअरचे पहिले दोन थर अगदी धुक्यासारखे. लॅकरचा ओला थर थेट डेकलवर बसला तर ते आकसतं आणि वाचत नाही. त्यानंतर दोन किंवा तीन ओले थर, मधे अर्धा तास.

मग थांबायचं. किती, ते नाकाला विचारा. बॉडी नाकाजवळ धरून थिनरचा वास आला तर आत अजून ओल आहे. थंडीत सात दिवस पुरतात, दमट हवेत दहा-बारा. याआधी पॉलिश केलं तर छत आज आरशासारखं दिसतं आणि महिन्याभराने घासल्याच्या रेघा वर येतात.

पॉलिशआधी मडगार्डची धार, बॉनेटची कड, दाराच्या फटीच्या कडा अशा सगळ्या उठावांवर पातळ टेप लावा. घासताना दाब तिथेच एकवटतो आणि रंग तिथूनच उडतो. २००० चा पेपर साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवा. एका दिशेने, बोटाच्या वजनाने. वाळवून ट्यूबखाली बघा. पूर्ण मंद आणि एकसारखं झालं की थांबा, चमकते ठिपके राहिले असतील तर तिथे अजून खोलगट भाग आहे. मग ३०००. टेप काढून टामियाचं पॉलिश कंपाउंड: लाल झाकणाचं, निळं आणि शेवटी पांढरं, प्रत्येकाला वेगळं मऊ कापड. छतात ट्यूबलाइटची रेघ सरळ आणि तिच्या पट्टीवरची अक्षरं वाचता येतील इतकी स्वच्छ दिसली की हात थांबवा. फटींत अडकलेलं कंपाउंड मऊ ब्रशने कोमट पाण्यात धुवून काढा.

फटींत रंग भरायला पॅनल लाइन अॅक्सेंट. काळ्या-निळ्या गाडीला काळा, लाल गाडीला गडद तपकिरी, पांढऱ्या-पिवळ्याला करडा. पांढऱ्या गाडीवर काळ्या रेघा मारल्या की ती खेळण्यासारखी दिसते. जास्तीचा रंग एनॅमल थिनर जेमतेम लावलेल्या काडीने पुसा. थिनर उघड्या प्लास्टिकच्या सांध्यात साचला तर तो भाग काही तासांत तडकतो.

बॉडी वाळत असताना

चासी अर्धचकचकीत काळी, एक्झॉस्ट चंदेरीत थोडा तपकिरी मिसळून. चाकं लावून काचेच्या तुकड्यावर ठेवा. चारही टेकली नाहीत तर गोंद ओला असतानाच दाबून सरळ करा. क्रोमच्या भागांवर गोंद धरत नाही, जोडाच्या जागी क्रोम खरवडायचाच. टायरच्या मधली साच्याची रेघ ४०० च्या पेपरावर टायर फिरवून घालवा. रस्त्यावर चाललेला टायर तसाच मंद असतो.

इंजिन असेल तर वायरिंगचं काम फार समाधान देतं. स्पार्क प्लगची खरी वायर सात-आठ मिलिमीटर जाड असते, म्हणजे इथे ०.३ मिलिमीटर. त्याच मापाचं भोक पाडा आणि तीन-चार मिलिमीटर वायर आत घाला. आत गेलेलं लांब टोक पकड देतं, नुसता गोंद देत नाही. वायरी सरळ ताणू नका, त्यांना किंचित झोळ असू द्या.

सीटबेल्ट साधारण ४८ मिलिमीटर रुंद, म्हणून २ मिलिमीटर. मेडिकलमध्ये मिळणारी कागदी सर्जिकल टेप काळी रंगवून कापली की तिचा पोत बेल्टसारखाच दिसतो. डॅशबोर्ड मॅट आणि स्टिअरिंग अर्धचकचकीत ठेवा. सगळं एकाच काळ्याने रंगवलं तर खिडकीतून नुसतं भोक दिसतं. अनेक जपानी किटमध्ये उजव्या हाताचं स्टिअरिंग असतं किंवा दोन्ही डॅशबोर्ड दिलेले असतात. आपल्या रस्त्यावरची गाडी करायची तर सुरुवातीलाच उजवा निवडा, कारण वायपरही त्याप्रमाणे बदलतात.

काचा, रबर आणि नंबरप्लेट

खिडकीभोवतीचं काळं रबर हे काम सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं, पण गाडी खरी वाटते ती इथेच. टेप काचेच्या सुट्या तुकड्यावर चिकटवून नव्या पात्याने २ मिलिमीटरच्या पट्ट्या कापा. बारीक पट्टी कोपऱ्यातून वळते, रुंद टेप सुरकुतते. पट्टीची कड नखाने नको, काडीच्या टोकाने दाबा. अर्धचकचकीत काळा दोन पातळ थरांत द्या, दहा मिनिटांनी टेप स्वतःवरच मागे दुमडून काढा. जास्त वेळ ठेवली तर काळ्याची कड चिंधीसारखी फाटते.

काचेला फेव्हिक्विक कधीही नाही. त्याची वाफ काचेवर कायमचा पांढरा पडदा धरते. पांढरं फेव्हिकॉल काडीच्या टोकाने कडेला लावा, वाळल्यावर पारदर्शक होतं. हेडलाइटच्या काचांनाही तेच. मागच्या दिव्यांना क्लिअर लाल, इंडिकेटरला क्लिअर नारिंगी, आत चंदेरी रंग असेल तर दिवा खोल दिसतो. क्रोमच्या पट्ट्यांना चंदेरी रंगापेक्षा अॅल्युमिनियमची पातळ चिकट फॉइल सरस.

नंबरप्लेट स्वतः छापा. आपल्याकडची लांब प्लेट ५०० बाय १२० मिलिमीटरची, म्हणजे २०.८ बाय ५ मिलिमीटर. ठाण्याची एमएच-०४, वाशीची एमएच-४३, पनवेलची एमएच-४६. एप्रिल २०१९ नंतरच्या नव्या गाडीवर उच्च सुरक्षा प्लेट असते, तेव्हा डाव्या बाजूला निळी अक्षरं आणि होलोग्रामसाठी बारीक चंदेरी ठिपका विसरू नका. नव्वदच्या दशकातली खाजगी गाडी असेल तर काळ्या प्लेटवर पांढरी अक्षरं बरोबर. फोटो पेपरवर छापून कडा काळ्या पेनने रंगवा, नाहीतर कागदाची पांढरी धार उघडी पडते.

शेवटची जोडणी

बॉडी चासीवर बसवताना दोन्ही बाजूंच्या खालच्या पट्ट्या हलकेच बाहेर ताणाव्या लागतात. आधी मागची बाजू, मग पुढची. रंगामुळे जोड घट्ट झालेले असतात, म्हणून जिथे भाग भिडतात तिथला रंग आतून खरवडून घ्या. सिमेंट रंगावर धरत नाही, प्लास्टिकवरच धरतं. आरसे, वायपर, अँटेना अगदी शेवटी लावा. आरशांना ०.५ मिलिमीटरची तार आत घालून खिळी करा, एरवी पहिल्याच पुसण्यात ते निखळतात.

गाडी अॅक्रिलिकच्या काचपेटीत ठेवा आणि पेटी थेट उन्हात नको. लाल आणि पिवळे रंग आधी फिके पडतात. टायरखाली काचेचा किंवा पॉलिस्टरच्या पारदर्शक फिल्मचा छोटा तुकडा ठेवा, म्हणजे मऊ टायर तळाला चिकटणार नाही. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की ती बदला.